काकांची परवान्याची बाराबोर शूटिंगला वापरावी का? थोडं लांबलचक उत्तर

विट्याच्या एका मित्राने विचारलंय. सात-आठ जण मिळून ॲक्शन सिनेमा करतायत, शूटिंग पलूस, कुंडल आणि थोडं कराडच्या बाजूला. गोष्ट दोन काळातली, आजोबा 1943 ला तुफान सेनेत (इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची सशस्त्र तुकडी) आणि नातू आत्ता पीएसआय. स्क्रिप्टमध्ये आजोबांच्या हातात स्टेनगन, नातवाच्या दोन्ही हातात पिस्तुलं, गुंडांकडे एके-47 आणि कोयते. बजेट तुटपुंजं. चुलत्यांकडे परवान्याची दोन नळ्यांची बाराबोर बंदूक आहे ती वापरली तर सीन खरा वाटेल का, की मुंबईवरनं ब्लँकवाल्या (गोळी नसलेल्या काडतुसाच्या) गन भाड्याने आणाव्यात, असा प्रश्न.

मी सातारचा. 21 वर्षं झाली आर्ट डिपार्टमेंटला, त्यातली शेवटची 14 वर्षं फक्त हत्यारं बघतोय, वाई-मेणवलीला जी युनिटं येतात त्यांच्याकडे. म्हणून जे हाताने केलंय तेच सांगतो.

पहिलं म्हणजे तुमची अडचण बंदूक मिळत नाही ही नाहीच. बंदूक पडद्यावर खोटी वाटेल ही तुमची भीती आहे, आणि ती भीती घालवायला खरं लोखंड आणून काही होत नाही हे मी शंभरदा बघितलंय. नवख्या पोराच्या हातात खरी रायफल दिली तरी तो ती झाडूसारखी धरतो. आणि शिकवलेल्या पोराच्या हातात लाकडाची दिली तरी थेटरात माणूस दचकतो.

आता काकांची बाराबोर. नाही. यात जर-तर काही नाही, बाकी सगळ्या उत्तरात परिस्थितीप्रमाणे बदल होईल पण इथं नाही.

का ते सांगतो. 2011 चा उन्हाळा, वाईच्या पुढे एका वाड्यात सिरियलचं शूटिंग होतं. सीन असा की सासरा जावयावर बंदूक रोखतो, दोघांत सहा फुटाचं अंतर. आमची डमी, म्हणजे नकली बंदूक, यायला उशीर झाला तर वाड्याचे मालक म्हणाले आमचीच घ्या की, रिकामीच आहे, कित्येक वर्षं उडवली नाही. डायरेक्टर खूश. मी म्हटलं आधी माझ्याकडे द्या. वरची किल्ली अंगठ्याने सरकवली, बंदूक मधून मोडून उघडली आणि उजेडाकडे धरली. उजव्या नळीतून पलीकडचं आभाळ गोल दिसलं. डाव्या नळीत उजेड नव्हता. तिथे पितळेची चकती होती, मधोमध टोपी. भरलेलं काडतूस. मालकांच्या मुलाने रानडुकरांसाठी म्हणून घालून ठेवलेलं आणि वडलांना सांगायचं राहिलेलं. मालकांनी ते काडतूस हातात घेतलं आणि तिथंच ओट्यावर खाली बसले, बराच वेळ बोललेच नाहीत. मला अजून तो पितळेचा रंग आठवतो. त्या दिवसापासून माझा नियम, ज्या हत्यारातून गोळी सुटू शकते ते सेटवर येणार नाही, रिकामं असलं तरी, कुणाचंही असलं तरी.

कायद्याचंही बघा. आर्म्स ॲक्ट 1959 चा परवाना माणसाच्या नावावर असतो, त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी किंवा पिकाच्या राखणीसाठी. ती बंदूक तुमच्या हिरोच्या हातात गेली की गुन्हा तुमच्यावर आणि काकांवर दोघांवर. काकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला परवाना तुमच्या दोन दिवसाच्या सीनसाठी घालवू नका.

ब्लँकचं उत्तर थोडं मोठं आहे. काडतुसात चार गोष्टी असतात, पुंगळी, मागची टोपी, दारू आणि पुढे गोळी. ब्लँकमध्ये गोळी नसते, बाकी सगळं असतं. डमी काडतुसात उलटं, गोळी दिसते पण दारू नसते, क्लोजअपला ते वापरतात. पोरांना वाटतं ब्लँकमध्ये गोळीच नाही तर धोका कसला. पण दारू जळते तेव्हा नळीच्या तोंडातून तापलेला वायू आणि डट्टा (दारू दाबून ठेवणारा बोळा) जोरात बाहेर येतो. 1984 ला अमेरिकेत जॉन-एरिक हेक्झम नावाच्या ॲक्टरने सेटवर कंटाळून ब्लँक भरलेली रिव्हॉल्व्हर मजेत कानशिलाला लावून चाप ओढला, नुसत्या त्या धक्क्याने कवटी फुटली आणि तो गेला. 1993 ला 'द क्रो' च्या सेटवर ब्रँडन ली गेला, वय 28, ब्रूस लीचा मुलगा. त्याचं तर नीट समजून घ्या कारण चूक एका जागी झालेली नव्हती. क्लोजअपसाठी वापरलेल्या डमी काडतुसातली गोळी नळीत अडकून राहिली, कुणी नळी तपासली नाही, नंतर त्याच बंदुकीत ब्लँक भरलं आणि ब्लँकच्या दारूने ती अडकलेली गोळी बाहेर फेकली. म्हणजे डमी आणि ब्लँक दोन्ही 'सुरक्षित' वस्तू, एकापाठोपाठ आल्या आणि मिळून खरं काडतूस तयार झालं. आणि 2021 ला 'रस्ट' च्या सेटवर कॅमेरावूमन हलिना हचिन्स गेली, तिथे तर जिवंत काडतूसच बंदुकीत होतं, हत्यारं सांभाळणाऱ्या बाईंना 2024 ला शिक्षा झाली. ही सगळी पगारी, शिकलेली युनिटं होती.

तरी ब्लँक कधीच वापरू नयेत असं मी म्हणणार नाही. रात्रीचा मोठा लाँग शॉट आहे, वीस जण एकदम फायर करतायत, परवानाधारक पुरवठादार त्याच्या माणसासकट आलाय, लेखी परवानगी आहे, ॲम्ब्युलन्स उभी आहे, तर ब्लँकने जो उजेड आणि धूर मिळतो तो फार सुंदर मिळतो. तुमच्याकडे यातलं काय आहे? काहीच नाही. मग विषय मिटला. आणि हो, ब्लँक नको म्हटल्यावर पोरं पाईपात फटाके घालून बार काढायला जातात, ते तर अजिबात नको, एका पोराचा तळहात भाजलेला मी स्वतः पाण्याखाली धरून बसलोय.

मग खरंपणा येतो कुठून? पहिल्यांदा वजनातून. लाकडाची किंवा फायबरची रायफल भरते किलो-दीड किलो, खरी थ्री नॉट थ्री चार किलोच्या आसपास. ॲक्टर हलकी वस्तू हलकीच हलवतो, पळताना ती एका हातात गिरकी घेते आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खोटं वाटतं. मी दस्त्याला आतून भोक पाडून लोखंडी सळई घालतो, नळीच्या खालीही एक पट्टी, तीन किलोपर्यंत नेतो. मग पोराचा खांदा आपोआप खाली येतो, दम लागतो, उतरणीवर तो बंदूक दोन्ही हातांनी सांभाळतो. हे ॲक्टिंग शिकवून येत नाही. फक्त जिथे पडायचं, उडी मारायची तिथे तीच रायफल रबराची ओतून घ्या, सळईवाली बरगडीत बसली तर हाड मोडेल.

दुसरं बोट. ज्याला बंदुकीची सवय आहे त्याचं बोट नेम धरेपर्यंत चापावर नसतं, बाजूला सरळ ठेवलेलं असतं. नातू पीएसआय आहे ना, त्याचं बोट बाहेर ठेवा, आणि गुंडाचा जो नवखा पोरगा आहे त्याचं मुद्दाम चापावर ठेवा. एका शब्दाशिवाय दोघांतला फरक कळतो.

तिसरं, चेहऱ्यावरचा उजेड. नळीच्या तोंडचा जाळ तुम्ही कॉम्प्युटरवर घालणार, सेकंदाला 24 फ्रेम असतील तर तो एका फ्रेममध्येच दिसला पाहिजे, फार तर दोन. पोरं पाच-पाच फ्रेम जाळ ठेवतात, मग ती बंदूक न वाटता फुलबाजी वाटते. पण खरी गंमत जाळात नाही, जाळाचा उजेड धरणाऱ्याच्या गालावर आणि मागच्या भिंतीवर पडायला हवा. त्यासाठी फोटोग्राफरकडची फ्लॅश नाहीतर एलईडी घ्या, नळीच्या बाजूला कॅमेऱ्याबाहेर एक जण बसवा, ॲक्टरने खांद्याला झटका दिला की त्याने उडवायची. दहातले सहा टेक चुकतील, चालू द्या, डिजिटल आहे.

चौथं, आवाज, आणि इथं तुम्ही बजेटवाल्यांना सुद्धा मागे टाकू शकता. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. थ्री नॉट थ्रीची गोळी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सुटते, 740 मीटरच्या आसपास. म्हणजे कुंडलच्या डोंगरावरनं साडेतीनशे मीटरवरून कुणी फायर केला तर आधी माणूस पडणार, त्याच्या शेजारचा वळून बघणार, आणि मग बार ऐकू येणार, आणि त्याच्यामागून डोंगरातला घुमारा. जवळपास अर्ध्या सेकंदाचा फरक. तो अर्धा सेकंद मोकळा सोडा, त्यात म्युझिक भरू नका.

रक्ताचं एक सांगून पुढे जातो. बाहेरचे लोक मक्याचं सिरप वापरतात, आपल्याकडे काकवी आहे की. काकवीत खाण्याचा लाल रंग, थोडं पाणी, काकवी मुळातच तांबूस काळपट असल्याने रंग गडद येतो, कपड्यावर खऱ्यासारखा चढतो. मुंग्या आणि माश्या येतात तेवढं सोसायचं. अंगाला दारूचा स्फोट बांधायचा नाही, द्राक्षबागेतला पाठीवरचा फवारणीचा पंप घ्या, बारीक नळी शर्टाच्या आतून काढा, लांबून एकाने दाब सोडला की शर्ट आतून फुगून भिजतो. पंप मात्र कोरा पाहिजे, ज्यात एकदा औषध पडलंय तो धुऊनसुद्धा नको, ते तोंडात-डोळ्यात जाणार आहे.

आता 1943. स्टेनगन काढून टाका. स्टेन तेव्हा जगात होती, पण तुमच्या आजोबांच्या हातात ती आली कुठून हे प्रेक्षक विचारणार. आपला इतिहास त्याहून भारी आहे. तेव्हा सातारा-सांगली एकच जिल्हा, दक्षिण सातारा 1949 ला वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार या गावांत चालत होतं आणि तुफान सेना कुंडलचीच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली, रुळावर दगड रचून, आणि हातात होतं काय तर काठ्या, विळे-कोयते आणि दोन-तीन बाँब. एवढ्या बळावर आगगाडी! तुमच्या स्क्रिप्टमध्ये आजोबा स्टेनगनने चाळीस गोरे लोळवतायत, त्यापेक्षा काठी घेऊन अंधारात रुळाशेजारी गप पडलेला माणूस मला तरी जास्त शूर दिसतो, आणि खर्च पण नाही.

पोलिसांच्या हातात द्या मस्केट, म्हणजे .410 बोअरची (चारशे दहाची) बंदूक, बाहेरून थ्री नॉट थ्रीसारखीच दिसते पण एकेक काडतूस घालायचं. मोजक्यांकडे खरी थ्री नॉट थ्री, दहा गोळ्यांचं मॅगझीन, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (बाजूचा हाताने ओढायचा दांडा) वर, मागे, पुढे, खाली. ही हालचाल ॲक्टरला झोपेत यायला हवी. गोऱ्या अधिकाऱ्याला वेबलीची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर, ती मधून मोडून उघडते. सहा म्हणजे सहा. सातवा बार झाला की थेटरात एक तरी निवृत्त हवालदार असतोच, तो शेजारच्याला सांगतो. बोल्ट आणि मोजणी यातूनच तुम्हाला सीन मिळतो बघा, पोलीस बोल्ट ओढतोय तेवढ्या दीड सेकंदात आजोबा ओढ्यात उडी टाकतायत.

नातवाची दोन पिस्तुलं. आपल्याकडची 9 एमएम पिस्तूल, मॅगझीनमध्ये 13 गोळ्या. दोन्ही हातात दोन धरली तर मॅगझीन बदलणार कुठल्या हाताने? नेम धरायला डोळे दोन पण नेम एकच. एक पिस्तूल, दोन्ही हातांची पकड, आणि कुठेतरी मधेच मॅगझीन संपून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे अडकलेली दाखवा, तो शॉट दहा फायरिंगला भारी पडेल.

एके-47 चं गणित करा. मिनिटाला 600 चा वेग म्हणजे सेकंदाला 10, मॅगझीन 30 चं. बोट दाबून धरलं तर तीन सेकंदात रिकामी. तुमचा गुंड अर्धं मिनिट सलग मारतोय म्हणजे दहा मॅगझीन लागली, ती त्याने कुठे ठेवली होती? तुटक मारू दे, दोन-तीन, थांबून परत दोन-तीन. आणि एकाच गुंडाकडे द्या, सगळ्यांकडे नको, हत्यार जितकं दुर्मीळ तितकी त्याची भीती. आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली, गोळ्या पोटात घेतल्या पण पकड सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं त्यांना. एके-47 म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगताना मी हेच सांगतो. ते हत्यार पडद्यावर आणताना हलकं करू नका.

कोयता. हे आपल्या भागातलं सगळ्यात खरं हत्यार आणि सेटवर सगळ्यात जास्त जखमा यानेच होतात, कारण बंदुकीला लोक घाबरतात आणि कोयता घरातलाच वाटतो. ऊसतोडीचा खरा कोयता फक्त ऊस तोडतानाच्या क्लोजअपला, आणि तो तोडणाऱ्या गड्याच्याच हातात, दहा फुटांत दुसरं कुणी नाही. मारामारीला लोहाराकडच्या खऱ्या कोयत्यावरून साचा काढून रबराचा, मधे पातळ फायबरची पट्टी, पात्याला चंदेरी आणि धारेशी थोडं सँडपेपरने घासून. मूठ मात्र खऱ्या जुन्या कोयत्याची बसवा, घामाने काळी पडलेली, डोळा तिथंच जातो. पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा बोथट कोयता नको. बोथट ॲल्युमिनियमला दोन-चार आपटण्यांत दाते पडतात आणि ते दाते करवतीसारखे चिरतात.

आता सेटबाहेरचं. शूटिंगच्या आधी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज, तारखा, जागा, किती डमी, फोटोसकट, पोच घ्या. ग्रामपंचायतीला आणि वस्तीवर सांगा, नाहीतर कुणीतरी 112 ला फोन लावणार आणि त्याचं चूक नाही. आमच्या युनिटमधली दोन पोरं एकदा जेवायला म्हणून डमी एके पाठीला लावून मोटरसायकलवर गेली, नाक्यावर त्यांना रस्त्यात पालथं झोपवलं होतं, पोलिसांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. डमी असली तरी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली एकाकडे. वही घाला, नंबर, कुणाला दिली, किती वाजता, परत किती वाजता. आणि डमी घेऊन रील काढायचे नाहीत, तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर आर्म्स ॲक्टखाली गुन्हे दाखल होतात हे पेपरात वाचताच की तुम्ही.

तुमच्या सिनेमाला मी धरून चालतो की मस्केटच्या सहा लाकडी (त्यातल्या दोन वजनदार), शिवाय दोन रबरी, एक वेबली, एक पिस्तूल, एक एके, कोयते रबरी चार आणि खरा एक. एवढ्यात होतं. शॉट वाढले तर आकडा बदलेल, पण आधी शॉट मोजा मग हत्यारं मोजा.

आणि बाराबोर कपाटात राहू दे पण काकांना सेटवर जरूर बोलवा. ज्या माणसाने आयुष्यभर बंदूक हाताळलीय त्याला सळई घातलेली लाकडी द्या आणि म्हणा, काका, खांद्याला कशी लावता दाखवा. गाल दस्त्यावर कसा टेकतो, डावा हात कुठे धरतो, चाप ओढायच्या आधी श्वास कसा थांबतो, हे मोबाईलवर समोरून आणि बाजूने शूट करून घ्या आणि आजोबांचं काम करणाऱ्या पोराला पंधरा दिवस तेच बघत सराव करायला लावा.